काटा हलला नाही म्हणून चालणं सोडू नका

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर माणसाला खाटेवरून उठवणं, चालतं करणं आणि पुढे महिनोन्महिने चालतं ठेवणं, हा माझ्या कामाचा मोठा भाग. त्यात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे रुग्ण बरेच असतात. त्यांच्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय खायला द्यायचं?" दुसरा, "काय बंद करायचं?" "किती चालायचं?" असं आपणहून विचारणारा क्वचित भेटतो.

मोठं आतडं आणि गुदाशय मिळून या कॅन्सरचे जगभरात २०२२ साली १९ लाखांवर नवे रुग्ण झाल्याचा अंदाज आहे. कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंत फुप्फुसाच्या खालोखाल त्याचाच क्रमांक लागतो. आपल्याकडे त्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांहून अजून बरंच कमी आहे. पण ज्या राहणीबरोबर तो वाढतो, ती बैठी नोकरी आणि तो पोटाचा घेर आपल्याकडे केव्हाच आलाय. या कामात मला जे उमगलं ते क्रमाने सांगते.

१. वजनाचा हिशेब वेगळा, पायांचा वेगळा

"महिनाभर रोज चाललो, अर्धा किलोसुद्धा उतरलं नाही. मग उपयोग काय?" असं म्हणून व्यायाम सोडणारी माणसं मी सर्वांत जास्त पाहिली आहेत. त्यांची तक्रार खोटी नसते. वजन उतरवण्यासाठी नुसतं चालणं हे फार संथ साधन आहे. अर्धा तास झपाझप चालून जे खर्च होतं, ते घरी आल्यावर एक कप गोड चहा आणि तीन-चार बिस्किटांत परत येतं. चूक आहे ती चालण्याला फक्त काट्यावर तोलण्यात.

२०१६ साली 'जामा इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात अमेरिका आणि युरोपातल्या १४ लाख ४० हजार लोकांच्या नोंदी एकत्र करून केलेला अभ्यास आला. फावल्या वेळात सर्वाधिक हालचाल करणाऱ्यांमध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका सर्वांत कमी हालचाल करणाऱ्यांपेक्षा १६ टक्क्यांनी कमी होता. त्याआधी २००९ साली ५२ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला होता, त्यात हा फरक २४ टक्के होता. वजनाचा परिणाम गणितातून बाजूला काढल्यावरही हा संबंध पुसला जात नाही. थोडा कमी होतो, पण उरतो. म्हणजे जाड माणूस चालला तर त्यालाही लाभ आहे, आणि बारीक माणूस बसून राहिला तर त्यालाही तोटा आहे.

हे घडतं कसं? चालताना मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि त्यासाठी त्यांना इन्शुलिन कमी लागतं. चालणं थांबल्यावरही हा परिणाम दिवसभर, कधी दोन दिवस टिकतो. इन्शुलिन सतत चढं राहिलं, तर आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना 'वाढत राहा' असा इशारा मिळत राहतो. त्याच्याच कुळातला आयजीएफ-१ हा घटक पेशींची वाढ जोरात करतो आणि त्यांचं ठरल्या वेळी मरणं लांबवतो. मोठ्या आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नवं होत असतं. इतक्या वेगाने पेशी जिथे विभागतात, तिथे असे फाजील इशारे कमी होणं फार मोलाचं. शिवाय नियमित हालचालीने शरीरात कायम धुमसत असलेला दाहही उतरतो. यातलं काहीच वजनकाट्यावर उमटत नाही.

२. वजन विचारू नका, कंबर मोजा

याचा अर्थ वजनाला महत्त्व नाही असा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१६ साली जादा चरबीशी संबंध असलेल्या १३ कॅन्सरची यादी दिली, त्यात मोठं आतडं आणि गुदाशय आहेत. २००८ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या आढाव्यात पुरुषांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ५ अंकांनी वाढला की मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे २४ टक्क्यांनी वाढतो, असं दिसलं. स्त्रियांमध्ये ही वाढ ९ टक्के होती. पाच फूट सात इंच उंचीच्या पुरुषाला ५ अंक म्हणजे साधारण साडेचौदा किलो. लग्नातला कोट आणि आजची कंबर यांच्यातलं अंतर बहुतेकांचं एवढं असतंच.

पुरुषांमध्ये हा संबंध अधिक ठळक दिसतो, त्याचं एक कारण चरबी कुठे बसते यात असावं. पुरुषांची चरबी पोटात, आतड्यांभोवती आणि यकृतात साठते. मांडी-नितंबांवरची चरबी तुलनेने निमूट असते. पोटातली चरबी दाह वाढवणारे पदार्थ रक्तात सोडते आणि इन्शुलिनला दाद देईनाशी होते.

इथे आपल्या पुण्यातलाच एक दाखला द्यायला हवा. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. तक्त्याप्रमाणे दोघेही सडपातळ. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. २००४ साली या दोघांनी आपलं छायाचित्र देऊन हे 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. त्यांचा विषय मधुमेहाचा होता, पण चरबी तीच आणि इन्शुलिनही तेच.

म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३च्या पुढे गेला की वजन जादा धरतात, २५च्या पुढे स्थूलपणा. आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर, स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत बीएमआयने पाहता २८.६ टक्के लोक स्थूल निघाले, पण पोटाच्या घेराने पाहता ३९.५ टक्के. म्हणजे काट्याच्या नजरेतून सुटणारे पुष्कळ जण शिंप्याच्या टेपवर सापडतात.

टेप कुठे लावायची हेही सांगते, कारण पँटचा नंबर हे मोजमाप नव्हे. आपले पुरुष पोटाखाली पट्टा बांधतात आणि "माझी कंबर तीस वर्षं चौतीसच" असं अभिमानाने सांगतात. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये टेप धरा, श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका. जो आकडा येईल तो खरा.

३. गल्ल्यावर बसणं हे काम आहे, हालचाल नव्हे

हालचाल आणि आजार यांचं नातं पहिल्यांदा नीट दिसलं ते लंडनच्या दुमजली बसमध्ये. संशोधक जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवून दिलं की दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त होतो आणि जिने चढ-उतार करत तिकिटं फाडणाऱ्या कंडक्टरांना कमी. आतड्याच्या कॅन्सरबद्दल अशीच गोष्ट १९८४ साली लॉस एंजेलिसमधून आली. तिथल्या कॅन्सर नोंदणीतल्या पुरुषांचे व्यवसाय तपासले, तेव्हा बैठं काम करणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका अंगमेहनत करणाऱ्यांच्या किमान १.६ पट निघाला. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये मात्र असा फरक दिसला नाही. आजही तेच चित्र आहे. हालचालीचा फायदा मोठ्या आतड्यात ठळक दिसतो, गुदाशयात तितका नाही.

माझ्याकडे येणाऱ्यांत दुकानदार असतात, हिंजवडीच्या कंपन्यांतली मुलं असतात, रिक्षा आणि कॅब चालवणारे असतात. यातला प्रत्येक जण सांगतो, "दिवसभर राबतो हो मी." राबतात हे खरंच. पण थकणं आणि हलणं या दोन गोष्टी एक नव्हेत. बारा तास गल्ल्यावर बसलेला माणूस संध्याकाळी पार गळून जातो आणि त्याचे मांडीचे स्नायू मात्र दिवसभरात कामाला लागलेलेच नसतात. अशांना मी आधी जिमची वाट दाखवत नाही. फोन आला की उभं राहून बोला, माल काढायला पोऱ्याला पाठवण्याऐवजी स्वतः उठा, तासाभरात दोन-चार मिनिटं तरी पाय मोकळे करा, एवढंच सांगते. रिक्षावाल्यांना सांगते, गिऱ्हाइकाची वाट बघत सीटवर आडवं होण्यापेक्षा स्टँडभोवती चकरा मारा. बसण्याची सलगता मोडणं ही पहिली पायरी.

४. "मी बसतेच कुठे?" याचं खरं उत्तर

स्त्रियांना व्यायामाचं विचारलं की डोळ्यांत राग दिसतो. "मॅडम, पहाटे पाचला उठते, रात्री अकराला पाठ टेकते. मी बसतेच कुठे?" या प्रश्नाची मी कधी थट्टा केली नाही, कारण त्यामागे आयुष्यभराचे कष्ट असतात.

पण शरीर कष्टांची नोंद वेगळ्या पद्धतीने घेतं. ओट्यापुढे उभं राहून पोळ्या लाटणं, भाजी निवडणं, डबे भरणं यात पाय दुखतात, पण श्वास वाढत नाही. पाण्याच्या कळशा वाहणं, फरशी खाली बसून जोर लावून पुसणं, बाजाराच्या पिशव्या घेऊन जिने चढणं यात वाढतो. त्यामुळे घरकाम म्हणजे व्यायाम की नाही, याचं एकच उत्तर नाही. कामावर अवलंबून आहे. ओळखायची खूण सोपी आहे. काम करताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, असा श्वास लागला तर ती मध्यम दर्जाची हालचाल. आरामात गाणं म्हणता येत असेल, तर ती मोजायची नाही.

२०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अंदाजानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, स्त्रियांत ५७ टक्के. सकाळी सातला बाग पुरुषांनी भरलेली का असते, हे समजायला फार विचार लागत नाही. त्या वेळी घरात चहा, डबे आणि शाळेची गडबड असते आणि ती कोण सांभाळतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मी बायकांशी नव्हे, त्यांच्या नवऱ्यांशी बोलते. "काका, रोज अर्धा तास काकूंचा म्हणून घरात जाहीर करा. त्या वेळेत गॅसजवळ तुम्ही." काही जण हसतात, काही जण खरंच करतात.

५. किती, हे आकड्यात ठरवा

"थोडं चालत जा" हा सल्ला ऐकायला गोड आणि करायला निरुपयोगी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आकडे दिले आहेत. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराची. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास झपाझप चाललात की खालची मर्यादा गाठली. पूर्वी म्हणत, सलग दहा मिनिटं चाललात तरच धरायचं. आता ती अट नाही. तीन मजले जिना चढलात तर तेही जमेला धरा.

ताकदीच्या व्यायामाकडे चाळिशीपुढचे लोक दुर्लक्ष करतात. "आता कुठे बॉडी करायचीय?" असं म्हणतात. पण साखर उचलणारा स्नायू शाबूत असेल तरच चालण्याचा फायदा मिळतो आणि वय वाढतं तसा तो आपोआप झिजत असतो. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला टेकून जोर काढणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, यांनी सुरुवात होते. गुडघे बरे असतील त्यांनी सूर्यनमस्कार घालावेत. जरा वेगाने घातले तर दमश्वासाचं आणि ताकदीचं काम एकदमच होतं. पुण्यात राहणाऱ्याला तर तळजाई आहे, वेताळ टेकडी आहे, पर्वतीच्या पायऱ्या आहेत. चढाला पर्याय नाही.

आकडा पाहून घाबरू नका, एवढं मात्र मी नेहमी जोडते. सर्वांत मोठी उडी शून्यावरून थोड्यावर येण्याची असते. आठवड्याला ६० मिनिटं करणारा माणूस १५० पर्यंत पोचला नाही म्हणून नापास होत नाही.

६. शस्त्रक्रियेनंतरचा "आराम करा" हा सल्ला मर्यादेतच ठेवा

आपल्या घरांत माया म्हणजे उठू न देणं. "काकांना काही करू देऊ नका, मोठं ऑपरेशन झालंय," असं म्हणत चार माणसं पांघरूण नीट करतात आणि आम्ही दुसऱ्या दिवशी त्याच काकांना कॉरिडॉरमध्ये चालवतो, तेव्हा नातेवाईक आमच्याकडे खुनशी नजरेने पाहतात. लवकर उठवल्याने पायात रक्ताच्या गाठी होण्याचा आणि छातीत कफ साचण्याचा धोका कमी होतो, आतडंही लवकर जागं होतं. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरायची, कुशीवर वळून मग उठायचं, पहिले काही आठवडे वजन उचलायचं नाही. हे पाळलं की टाक्यांना चालण्याची भीती नाही. पोटावर शौचाची पिशवी असलेल्यांनीही चालायचं. फक्त पिशवी आधी रिकामी करून निघायचं.

यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. निरोगी लोकांच्या नोंदींवरून निघालेल्या निष्कर्षांना एक शंका कायम चिकटलेली असते. चालणारी माणसं एरवीही सिगारेट कमी ओढतात, बरं खातात, मग श्रेय कशाला द्यायचं? आजार पुन्हा उलटण्याबाबत या शंकेचं उत्तर २०२५च्या जूनमध्ये मिळालं. 'चॅलेंज' नावाच्या चाचणीचे निष्कर्ष 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या ५५ केंद्रांवरचे ८८९ रुग्ण. सगळ्यांची मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि केमो झालेली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला आरोग्याविषयी माहितीपत्रकं दिली. दुसऱ्याला माहितीबरोबरच तीन वर्षं आखून दिलेला आणि पाठपुरावा केलेला व्यायाम.

पाच वर्षांनी आजार न उलटता असलेले रुग्ण व्यायामाच्या गटात ८०.३ टक्के होते, दुसऱ्या गटात ७३.९ टक्के. आठ वर्षांनी हयात असलेले ९०.३ टक्के आणि ८३.२ टक्के. म्हणजे साधारण १४ जणांनी हा कार्यक्रम केला, तर त्या काळात एक मृत्यू टळतो. कॅन्सरच्या कित्येक महागड्या औषधांना एवढं जमलेलं नाही. व्यायाम तरी कोणता? आधी करत होता त्यात भर म्हणून आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास झपाझप चालण्याएवढा. आणि माझ्या दृष्टीने त्यातला सर्वांत बोलका भाग असा की दोन्ही गटांच्या वजनात किंवा कमरेच्या घेरात नाव घेण्यासारखा फरक पडला नव्हता. जे घडलं ते काट्याच्या पाठीमागे घडलं.

याला किंमतही होती. सांधे-स्नायूंच्या तक्रारी व्यायामाच्या गटात १८.५ टक्के, दुसऱ्यात ११.५ टक्के. म्हणून केमोनंतर स्वतःच्या मनाने सुरुवात करू नका. या कॅन्सरमध्ये बऱ्याच जणांना दिलं जाणारं ऑक्झॅलिप्लॅटिन हे औषध तळपायांच्या नसांना त्रास देतं. मुंग्या येतात, जमीन नीट लागत नाही, गार फरशीवर पाय ठेवला की झटका बसल्यासारखं होतं. अशा रुग्णाला आधी तोल सांभाळायचे व्यायाम, मग घट्ट बसणारे बूट, सपाट रस्ता आणि दिवसाचा उजेड. टेकडी नंतर.

७. वजन उतरणं ही नेहमी चांगली बातमी नसते

एक काका शेजाऱ्यांच्या कौतुकात रमले होते. "काय बारीक झालात! काय करता?" काहीच करत नव्हते. भूक मंदावली होती, धाप लागत होती, तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन खूप खाली गेलेलं. उजव्या बाजूच्या आतड्यातल्या गाठीतून थोडं थोडं रक्त जात होतं आणि ते रक्त डोळ्यांना दिसत नव्हतं.

न ठरवता उतरलेलं वजन, पुरुषात किंवा पाळी गेलेल्या स्त्रीत लोहाची कमतरता, शौचाची सवय काही आठवडे बदललेली असणं, शौचात रक्त. यातलं काहीही असेल तर डॉक्टर गाठायचे. आपल्याकडे रक्त दिसलं की "मूळव्याध असेल" म्हणून मलम आणतात आणि वर्ष घालवतात. वयाचीही खात्री धरू नका. टाटा मेमोरियल रुग्णालयाने या कॅन्सरच्या आपल्या ८०० रुग्णांचा आढावा २०१७ साली प्रसिद्ध केला, त्यांचं सरासरी वय ४७च्या आसपास होतं. त्यांतल्या ४२ टक्के रुग्णांचा कॅन्सर गुदाशयातला होता, म्हणजे जिथे व्यायामाची ढाल पातळ असते तिथला.

आणि उपचार चालू असताना वजन कमी करायच्या मागे लागू नका. केमोच्या काळात उतरतं ते बरंचसं स्नायूंचं मांस असतं. तेव्हा डाळ, दही, अंडी पोटात जाणं आणि थोडी ताकद टिकणं हेच काम. पोटाचा घेर कमी करायला नंतर सवड आहे.

८. घाम गाळणाऱ्यालाही तपासणी चुकत नाही

फुटबॉलपटू पेले यांच्यापेक्षा जास्त धावलेला माणूस शोधणं कठीण. २०२१ साली नेहमीच्या तपासण्यांत त्यांच्या मोठ्या आतड्यात गाठ सापडली आणि २०२२च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या ८२व्या वर्षी, त्याच आजाराने ते गेले. व्यायाम शक्यता कमी करतो, हमी देत नाही. २०२५ सालीच अमेरिकेत लांब पल्ल्याच्या १०० धावपटूंची कोलोनोस्कोपी केलेली एक छोटी पाहणी चर्चेत आली. ३५ ते ५० वयाच्या या धावपटूंपैकी १५ टक्क्यांमध्ये कॅन्सरकडे झुकू शकणाऱ्या गाठी दिसल्या. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे धावण्याने कॅन्सर होतो असा अर्थ त्यातून काढता येत नाही. पण "मी मॅरेथॉन पळतो, मला काय होणार?" असं म्हणून शौचातलं रक्त दुर्लक्षू नये, एवढा अर्थ नक्की काढता येतो.

बहुतेक वेळा हा कॅन्सर आधी पॉलिप म्हणून, अस्तरावरच्या छोट्या गाठीच्या रूपात सुरू होतो आणि त्याचा कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात. तेवढ्यात कोलोनोस्कोपीत तो काढून टाकता येतो. अमेरिकेत २०२१पासून सर्वसाधारण माणसाला ४५व्या वर्षी तपासणी सुरू करायला सांगतात. आपल्या सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, आतड्याचा नाही. म्हणून इथे स्वतःच विचारायला हवं. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांत हा कॅन्सर असेल तर विशेष. त्यांनी चाळिशीत, किंवा नातेवाइकाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा तपासणीचं डॉक्टरांशी बोलावं.

९. ताटाबद्दल थोडक्यात

"काय खायला द्यायचं?" हा प्रश्न टाळत नाही, पण इथे नवं फार नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, हातसडीचा तांदूळ, उसळी, पालेभाज्या, दूध-दही हे बाजूने. दारू, तंबाखू आणि सॉसेज-सलामी-बेकनसारखं टिकवलेलं मांस विरोधात. अशा मांसाची रोज ५० ग्रॅमची भर धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढवते, असं कॅन्सर संशोधन संस्थेने २०१५ साली सांगितलं. रविवारी टेकडी चढून आलो म्हणून शनिवारची दारू धुतली जात नाही. दोन्ही आपापल्या जागी मोजली जातात.

१०. पत्रक पुरत नाही, विचारणारं माणूस लागतं

'चॅलेंज' चाचणीकडे मी पुन्हा वळते, कारण तिच्यातला सर्वांत उपयोगी धडा आकड्यांत नाही. व्यायाम चांगला असतो, ही माहिती दोन्ही गटांकडे होती. पत्रक दोघांनाही मिळालं होतं. एका गटाला त्याशिवाय एक प्रशिक्षक मिळाला. पहिले सहा महिने दर पंधरा दिवसांनी त्याच्यासमोर बसायचं, काय जमलं, काय राहिलं, पुढे काय, हे बोलायचं. नंतर भेटी विरळ झाल्या, पण तीन वर्षं थांबल्या नाहीत.

आपल्याकडे असा प्रशिक्षक प्रत्येकाला मिळणार नाही. पण त्याचं काम वाटून घेता येतं. डॉक्टरांना सांगा, गोळ्यांच्या चिठ्ठीवर चालण्याची मिनिटंही लिहा. चिठ्ठीवर लिहिलेलं आपल्या घरांत पाळलं जातं, तोंडी सांगितलेलं दारापर्यंत टिकतं. पावसाळ्यात रस्ता बुडाला की कुठे चालायचं, सोसायटीचा जिना की पार्किंग, हे जूनमध्येच ठरवून टाका. एकट्याने निघण्यापेक्षा कुणी खाली थांबलेलं असेल तर पाय लवकर निघतात.

रुग्ण घरी जाताना व्यायामाचं पत्रक मी आजही देते. त्याच्या तळाशी एक ओळ रिकामी ठेवलेली असते: 'दर रविवारी आठवड्याची मिनिटं कोणाला सांगणार? नाव आणि फोन.' कोणी मुलीचं नाव लिहितं, कोणी व्याह्यांचं, कोणी कट्ट्यावरच्या मित्राचं. एका आजींनी दूधवाल्याचं लिहिलं होतं, कारण तो एकही दिवस चुकत नाही. तेही चालतं. ती ओळ भरल्याशिवाय मी पत्रक हातात देत नाही.